पिसाचा मनोरा : बखर आणि पत्र

वस्तू खाली पडण्याचे नियम शिकवायला घेतले आणि पिसाच्या कलत्या मनोऱ्याची गोष्ट सांगितली नाही, असा विज्ञानशिक्षक विरळाच. तरुण गॅलिलिओ मनोऱ्याच्या माथ्यावर चढतो. खाली विद्यापीठातले प्राध्यापक आणि विद्यार्थी जमलेले असतात. जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा लवकर पडते असे ॲरिस्टॉटलने सांगून ठेवलेले असते आणि दोन हजार वर्षे ते कुणी तपासून पाहिलेले नसते. गॅलिलिओ एक मोठा आणि एक लहान गोळा एकदम सोडतो. दोन्ही एकाच क्षणी जमिनीवर आपटतात, एकच आवाज होतो, आणि त्या आवाजासरशी जुने विज्ञान संपून नवे सुरू होते.

गोष्ट सांगायला छान आहे. मुले कान टवकारून ऐकतात आणि परीक्षेपर्यंत विसरत नाहीत. पण हाच वर्ग कधी तरी दुसरी एक गोष्ट घेऊन आपल्याकडे येतो. “सर, राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी तळपद्यांनी मुंबईत चौपाटीवर विमान उडवले होते, ते खरे का?” इथे आपण लगेच सावध होतो. पुरावा काय, असे विचारतो. विचारायलाच हवे. पण मग एखादी चुणचुणीत मुलगी उलट विचारील, “आणि पिसाच्या मनोऱ्याला पुरावा काय?” तिला द्यायला आपल्यापाशी उत्तर हवे. आपल्या बाजूची वाटणारी गोष्ट विनापुरावा चालवून घ्यायची आणि दुसऱ्याच्या गोष्टीला मात्र कागद मागायचे, हे मुलांच्या चटकन ध्यानात येते.

अशी पारख करायला शिकण्यासाठी मराठी माणसाला इटलीला जाण्याची गरज नाही. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची, अस्सल पत्रे आहेत. प्रस्तावनेत त्यांनी बखरींची झडती घेतली आणि त्यांत काळाची, स्थळांची व माणसांची कशी गफलत झालेली असते ते दाखवून दिले. पत्र लिहिणारा त्या दिवसाच्या गरजेपोटी लिहीत असतो. पैसा पोचला नाही, नदीला उतार नाही, दाणावैरण महाग झाली, असल्या गोष्टी त्यात येतात. लढाईचा शेवट काय होणार हे त्याला ठाऊक नसते. बखरकाराला मात्र शेवट ठाऊक असतो. त्यामुळे आधीच्या घटना त्या शेवटाला शोभतील अशा बेताने त्याच्या लेखणीतून उतरतात. तो खोटे बोलतो असे नाही. पुष्कळदा तो ऐकलेले प्रामाणिकपणे सांगत असतो. पत्र लिहिणाराही खोटे लिहू शकतो. तरीही दोघांच्या साक्षीची किंमत सारखी धरता येत नाही. विज्ञानाच्या इतिहासालाही हाच न्याय लावून पाहू.

पिसाच्या गोष्टीचा उगम शोधत मागे गेले की आपण एकाच माणसापाशी येऊन थांबतो. त्याचे नाव विन्चेन्झो विव्हियानी. १६३९ साली, सतरा वर्षांचा असताना, तो आर्चेत्री इथे गॅलिलिओकडे राहायला आला. गॅलिलिओ तेव्हा आंधळा झाला होता आणि स्वतःच्या घरातच नजरकैदेत होता. ८ जानेवारी १६४२ रोजी गॅलिलिओ वारला, तोवर हा मुलगा त्याचा लेखनिक आणि शिष्य म्हणून त्याच्यापाशी होता. पुढे १६५४ मध्ये विव्हियानीने गुरूचे चरित्र लिहिले. ते छापून निघाले १७१७ मध्ये, विव्हियानीच्याही मृत्यूनंतर. त्यात तो सांगतो की पिसाच्या मनोऱ्यावरून गॅलिलिओने वारंवार प्रयोग केले आणि ते इतर प्राध्यापक व सारे विद्यार्थी यांच्या समक्ष केले.

गॅलिलिओ पिसाला गणिताचा प्राध्यापक होता तो १५८९ ते १५९२ या तीन वर्षांत. म्हणजे घटना घडली असेल ती विव्हियानीच्या जन्माआधी तीस वर्षे, आणि लिहिली गेली साठाहून अधिक वर्षांनी. लिहिणारा शिष्य, आणि गुरूवर त्याची नितांत भक्ती. ही बखर झाली.

आता पत्रे पाहू. विव्हियानी म्हणतो तसा सगळ्या विद्यापीठासमोर असा प्रयोग झाला असता, तर त्या वेळच्या कुणाच्या तरी पत्रात, रोजनिशीत, निदान एखाद्या विरोधकाच्या टीकेत त्याचा माग लागायला हवा. तसा तो लागत नाही. स्वतः गॅलिलिओने आयुष्यभर भरपूर लिहिले आणि आपले श्रेय सांगण्यात तो मागे राहणारा नव्हता. पण त्याच्या कोणत्याही ग्रंथात पिसाच्या मनोऱ्यावरच्या या प्रयोगाची हकिगत नाही. १६१२ साली पिसातल्याच कोरेसिओ नावाच्या ग्रीकच्या प्राध्यापकाने त्या मनोऱ्यावरून वस्तू टाकून पाहिल्याचे लिहिले आहे. त्याचा निष्कर्ष असा, की ॲरिस्टॉटलचेच बरोबर!

सगळ्यांत बोलका कागद १६४१ सालचा आहे. विन्चेन्झो रेनिएरी हा गॅलिलिओचा स्नेही तेव्हा पिसाला गणित शिकवत होता. मार्च महिन्यात त्याने गॅलिलिओला पत्र लिहून कळवले की आम्ही इथल्या मनोऱ्यावरून लाकडाचा आणि शिशाचा सारख्या आकाराचा गोळा टाकून पाहिला. दोन्ही एकदम पोचले नाहीत, शिसे निदान तीन हात तरी पुढे होते. तोफेच्या गोळ्याएवढा आणि बंदुकीच्या गोळीएवढा असे दोन शिशाचेच गोळे टाकले तेव्हा वीतभर अंतर पडले. पत्राचा सूर नवी बातमी कळवणाऱ्याचा आहे. “आपण पूर्वी इथेच केलेला प्रयोग आम्ही पुन्हा केला” असे त्यात अवाक्षर नाही. पिसाच्या विद्यापीठातला माणूस, पिसाच्याच मनोऱ्याबद्दल, खुद्द गॅलिलिओला लिहितो आहे, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या प्रसिद्ध दिवसाचा त्याला पत्ता नाही.

इथे उलट बाजूही मांडली पाहिजे. लेन कूपर यांनी १९३५ मध्ये एक पुस्तकच लिहून ही कथा निराधार ठरवली. पण गॅलिलिओचे मोठे अभ्यासक स्टिलमन ड्रेक यांना ती अगदीच टाकाऊ वाटत नव्हती. त्यांचे म्हणणे असे की रेनिएरीचे पत्र आले तेव्हा ते आंधळ्या गॅलिलिओला वाचून दाखवायला विव्हियानी घरातच होता. पत्राच्या निमित्ताने म्हाताऱ्याला जुनी आठवण झाली असेल आणि विव्हियानीने ती मनात ठेवली असेल. गॅलिलिओचे उत्तर आज उपलब्ध नाही. ड्रेक यांचा तर्क अशक्य नाही, पण तो तर्क आहे एवढे लक्षात ठेवावे.

मग पिसाच्या त्या तीन वर्षांत गॅलिलिओ काय करत होता? १५९०च्या सुमाराचे ‘गतीविषयी’ या नावाचे त्याचे लॅटिन हस्तलिखित शिल्लक आहे. त्याने ते छापले नाही. त्यात तो ॲरिस्टॉटलशी भांडतो हे खरे. पण त्याचे स्वतःचे मत तेव्हा आजच्या पाठ्यपुस्तकातले नव्हते. एकाच पदार्थाच्या लहानमोठ्या वस्तू सारख्या वेगाने पडतात, असे तो म्हणतो. लाकूड आणि शिसे यांचे वेग मात्र वेगवेगळे, कारण त्यांची घनता वेगवेगळी, असे तो तेव्हा मानत होता. पदार्थ कोणताही असो, निर्वात पोकळीत सगळे सारखेच पडते, हा निष्कर्ष त्याच्या हाती आला तो पुढे. विव्हियानीनेही आपल्या चरित्रात एकाच पदार्थाच्या वस्तू म्हटले आहे. ती अट पुढच्या सांगणाऱ्यांनी गाळली.

याच हस्तलिखितात एक चमत्कारिक वाक्य आहे. लाकडाचा आणि शिशाचा गोळा उंचावरून सोडला तर आरंभी लाकूड पुढे जाते, मग शिसे त्याला गाठून मागे टाकते, आणि हे आपण पुष्कळदा पाहिले आहे, असे गॅलिलिओ लिहितो. आपल्या भौतिकीप्रमाणे हे होऊच शकत नाही. त्यामुळे बरीच वर्षे अभ्यासक म्हणत की याने प्रयोग केलेलाच नाही, मनचे लिहिले. १९८३ मध्ये टॉमस सेटल यांनी हा प्रयोग माणसांकडून प्रत्यक्ष करवून घेतल्याचे प्रसिद्ध केले. दोन हातांत जड आणि हलका गोळा धरून, तळवे खाली करून, दोन्ही एकदम सोडायला सांगितले. सोडणाऱ्याला वाटते आपण एकदमच सोडले. छायाचित्रणात दिसते की जड गोळा धरलेला हात थकलेला असतो, त्याची पकड किंचित उशिरा सुटते, आणि हलका गोळा आधी निघतो! गॅलिलिओने पाहिले ते बरोबर पाहिले होते. त्याचे कारण गुरुत्वाकर्षणात नव्हते, मनगटाच्या स्नायूंत होते.

आमच्या मते या साऱ्या प्रकरणातला सगळ्यांत भरवशाचा पुरावा हाच. गॅलिलिओने तरुणपणी कुठून तरी उंचावरून गोळे टाकले होते, याची खूण त्या विचित्र वाक्यात आहे. कल्पनेने लिहिणारा असली अडचणीची गोष्ट लिहीत नाही. प्रत्यक्ष पाहिलेल्याच्या नोंदीत अशी खरखर राहून जाते. कथा शंभर तोंडांतून गेली की ती खरखर झिजते आणि गोष्ट नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत होते.

“एकाच क्षणी आपटले” हे शब्द असेच गुळगुळीत आहेत. आपण हिशेब करून पाहू. मनोऱ्यावरून पडायला सुमारे ५५ मीटर उंची मिळते असे धरू. हवा नसती तर वस्तू ३.३ सेकंदांत खाली येईल आणि आपटताना तिचा वेग सेकंदाला ३३ मीटरच्या आसपास असेल. आता दोन लोखंडी गोळे घ्या, एक ४५ किलोचा आणि दुसरा त्याच्या शंभरावा हिस्सा, म्हणजे ४५० ग्रॅमचा. पहिल्याची त्रिज्या ११ सेंटीमीटर, दुसऱ्याची २.४ सेंटीमीटर. हवेचा रोध गोळ्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो आणि वजन घनफळावर. त्यामुळे लहान गोळा रोधापुढे अधिक दुबळा ठरतो. शेवटच्या क्षणी त्याच्यावरचा रोध त्याच्या वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत जातो. मोठ्याच्या बाबतीत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आत राहते. यावरून मोठा गोळा जमिनीला टेकेल तेव्हा लहान गोळा अजून जवळजवळ एक मीटर वर असेल. वेळेत सांगायचे तर सेकंदाच्या तीन शतांश भागाचा फरक. मनोऱ्यावर उभ्या असलेल्याला तो कळणार नाही, पण पायथ्याशी नीट पाहणाऱ्याला कळेल.

ज्यांनी खरोखर गोळे टाकले त्यांच्या नोंदींत असा फरक सापडतो. रेनिएरीची वीत आपण पाहिलीच. बोलोन्याच्या असिनेल्ली मनोऱ्यावरून, म्हणजे जवळजवळ दुप्पट उंचीवरून, रिच्चोली या जेसुइट पाद्र्याने १६४०च्या दशकात खूप काळजीपूर्वक प्रयोग केले. त्यालाही जड गोळे थोडे आधी पोचताना दिसले. खुद्द गॅलिलिओने १६३८च्या आपल्या ग्रंथात शंभर पौंडी आणि एक पौंडी गोळ्यांत शंभर हात उंचीवरून दोन बोटांचे अंतर पडते असे म्हटले आहे. हा आकडा फार कमी आहे, पण शून्य नाही. ॲरिस्टॉटलच्या हिशेबाने तेच अंतर नव्याण्णव हात पडायला हवे होते, हा त्याचा मुद्दा. शून्य अंतर आले ते गोष्टीत.

दोन हजार वर्षे कुणी तपासले नव्हते, हेही खरे नाही. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने लिहून ठेवले आहे की वजनात कितीही फरक असला तरी पडण्याच्या वेळेत फारसा फरक दिसत नाही. हॉलंडमध्ये डेल्फ्ट इथे सायमन स्टेव्हिन आणि त्याचा मित्र यान कॉर्नेट्स द ग्रूट यांनी एकमेकांच्या दसपट वजनाचे दोन शिशाचे गोळे तीस फुटांवरून फळीवर टाकले आणि आवाज एकच आल्याचे १५८६ मध्ये छापून प्रसिद्ध केले. गॅलिलिओ पिसाला प्राध्यापक व्हायला अजून तीन वर्षे होती. तीस फुटांवर हवेचा परिणाम फारच थोडा, तेव्हा त्यांचा ‘एकच आवाज’ आपल्या हिशेबातही बसतो. पण स्टेव्हिनचा मनोरा आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही.

या गोष्टीने खरे नुकसान होते ते निराळेच. १५९२ नंतर गॅलिलिओ अठरा वर्षे पादुआला होता, आणि पतनाचा नियम त्याला तिथे, कलत्या पन्हळीवरून गोळे घरंगळवून सापडला. फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात त्याचे सुटे कागद आहेत. ड्रेक यांनी १९७०च्या दशकात त्यांतल्या एका कागदाकडे लक्ष वेधले. त्यावर आठ आकड्यांचा एक स्तंभ आहे : ३३, १३०, २९८, ५२६, ८२४, ११९२, १६२०, २१०४. ड्रेक यांच्या वाचनाप्रमाणे लागोपाठच्या आठ समान कालखंडांच्या शेवटी गोळा कुठे पोचला, ती ही अंतरे आहेत. मोजण्याचे एकक जवळजवळ एक मिलिमीटर. ३३ला १, ४, ९, १६, २५, ३६, ४९, ६४ यांनी गुणून बघा : ३३, १३२, २९७, ५२८, ८२५, ११८८, १६१७, २११२. अंतर हे वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम इथे डोळ्यांपुढे उभा राहतो. आणि कुठे दोनची, कुठे चारची, शेवटी आठची तफावतही दिसते. सारे आकडे तंतोतंत जुळले असते तर आम्हाला संशय आला असता.

हा स्तंभ फळ्यावर लिहून नववीच्या मुलांना “यात काही नियम दिसतो का?” असे विचारले, तर तास रंगतो. मनोऱ्याची गोष्ट मुलांना सांगते की एका दुपारी एक धीट माणूस वर चढला आणि काम झाले. हा कागद सांगतो की माणूस वर्षानुवर्षे एका पन्हळीपाशी मोजत बसला होता.

आता याच वर्गात सांगितली जाणारी दुसरी गोष्ट, न्यूटनच्या सफरचंदाची, तपासू. दोन्ही कथा ऐकायला एकाच वळणाच्या, म्हणून दोन्ही भाकड असे कुणी म्हणेल. पण कागद पाहिले की निकाल वेगळा लागतो. १५ एप्रिल १७२६ रोजी विल्यम स्टुकली हा न्यूटनचा स्नेही त्याच्याकडे जेवायला होता. जेवणानंतर दोघे बागेत सफरचंदाच्या झाडांखाली चहा घेत बसले असता न्यूटनने स्वतः सांगितले, की असाच बसलो असताना सफरचंद पडले आणि गुरुत्वाकर्षणाचा विचार मनात आला. स्टुकलीने ही हकिगत १७५२च्या हस्तलिखितात लिहिली आहे. न्यूटनच्या भाचीचा नवरा जॉन कॉन्ड्युइट यानेही ती लिहून ठेवली. व्होल्तेअरने भाचीकडून ऐकून १७२७ मध्येच छापली. तेव्हा न्यूटनने ही गोष्ट सांगितली होती, यात शंका नाही. विव्हियानीच्या कथेला असा आधार नाही.

मात्र न्यूटनने सांगितले म्हणजे तसेच घडले असेही नाही. तो ऐंशी पार केलेला असताना, साठ वर्षांपूर्वीच्या प्लेगच्या सुट्टीतली आठवण सांगत होता. कल्पना आपल्याला फार आधी सुचली हे ठसवण्यात त्याचा फायदाही होता, कारण हूकशी त्याचा श्रेयावरून वाद झालेला होता. शिवाय सफरचंद आणि १६८७चा ‘प्रिन्सिपिया’ यांच्यामध्ये वीस वर्षांचे कष्ट आहेत. डोक्यावर सफरचंद पडल्याचे या तिघांपैकी कुणीच लिहिलेले नाही. ती नंतरच्या चित्रकारांची आणि विनोदी लेखकांची कृपा.

जाता जाता आणखी एक. गॅलिलिओ वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे वाक्य आपण मोठ्या हौसेने सांगतो. गॅलिलिओच्या मृत्यूची तारीख इटलीतल्या नव्या पंचांगाची आहे. न्यूटनच्या जन्माची २५ डिसेंबर १६४२ ही तारीख इंग्लंडमधल्या जुन्या पंचांगाची. एकाच पंचांगाने मोजले तर न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३चा ठरतो, आणि योगायोग नाहीसा होतो.

आर्किमिडीजचा ‘युरेका’ तर कागदपत्रांपर्यंत न जाता वजनकाट्यानेच तपासता येतो. गोष्ट लिहिणारा व्हिट्रुव्हिअस हा आर्किमिडीजनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी झाला. त्याच्या वर्णनाप्रमाणे काठोकाठ भरलेल्या भांड्यात मुकुट बुडवून, सांडलेले पाणी मोजून चोरी पकडली. समजा मुकुट एक किलोचा आणि त्यात ३० टक्के चांदी मिसळली आहे. शुद्ध सोन्याचे घनफळ ५२ घन सेंटीमीटर, भेसळीचे ६५. फरक १३ घन सेंटीमीटर. मुकुट मावेल असे २० सेंटीमीटर व्यासाच्या तोंडाचे भांडे घेतले तर पाण्याच्या पातळीत फरक पडेल ०.४ मिलिमीटर. काठावर पाणी फुगून राहते तेच याहून अधिक असते. ही पद्धत ओबडधोबड आहे आणि आर्किमिडीजला शोभणारी नाही, असे १५८६ मध्ये एका बावीस वर्षांच्या तरुणाने लिहिले आणि पाण्यात बुडवून तोलण्याचा अचूक तराजू सुचवला. तो तरुण म्हणजे गॅलिलिओच.

आता चौपाटीवरच्या विमानाकडे येऊ. शिवकर बापूजी तळपदे नावाचे गृहस्थ मुंबईत होते आणि त्यांना विमानविद्येचा ध्यास होता, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो १८९५ साली त्यांचे विमान १५०० फूट उंच उडाले, आणि ते पाहायला न्यायमूर्ती रानडे व सयाजीराव महाराज हजर होते, या हकिगतीचा. समकालीन मौन इथेही आहे आणि पिसातही आहे. पण मौनाचे वजन सगळीकडे सारखे नसते. जिथे गलका व्हायला हवा होता तिथले मौन अधिक बोलके. १५९०च्या पिसात वर्तमानपत्र नव्हते. १८९५च्या मुंबईत मराठी, गुजराती, इंग्रजी पत्रे रोजच्या बारीकसारीक बातम्या छापत होती, आणि साक्षीदार म्हणून ज्यांची नावे घेतली जातात त्या दोघांची कागदपत्रे विपुल आहेत. वर्तमानपत्राचा हवाला दिला जातो, पण त्या तारखेचा अंक आणि पान दाखवून कुणी पुढे आल्याचे आमच्या पाहण्यात नाही. जे कुणी असा अंक दाखवतील त्यांचे म्हणणे आम्ही लगेच ऐकू.

या कथेच्या जोडीला ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचे नाव येते तो भारद्वाजांचा म्हणून सांगितला जातो. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये त्याची भाषा, इतिहास आणि त्यातली विमाने यांची तपासणी केली. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातले एकही विमान उडू शकणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये याच ग्रंथाच्या आधाराने निबंध वाचला गेला. १९७४चा तो अहवाल मोजकी पाने भरेल एवढाच आहे आणि शिक्षकांनी तो मिळवून वाचावा.

राइट बंधूंचा पुरावा कसा आहे तेही पाहावे. १७ डिसेंबर १९०३ रोजी चार उड्डाणे झाली. पहिले १२ सेकंद टिकले आणि १२० फूट गेले, म्हणजे शाळेच्या मैदानाची एक बाजूही नाही. पाच माणसे पाहायला होती. त्यांतल्या एकाने, किनाऱ्यावरच्या जीवरक्षक केंद्रातल्या माणसाने, कॅमेऱ्याचा खटका दाबला आणि ते छायाचित्र आज उपलब्ध आहे. त्याच दिवशी बंधूंनी वडिलांना तार केली. तिच्यात सर्वांत लांब उड्डाण ५७ सेकंदांचे म्हटले आहे; खरा आकडा ५९. तारेत चूक झाली, ती तशीच राहिली. इकडे १५०० फूट हा गोल आकडा, तिकडे १२० फूट आणि चुकलेली तार.

वर्गात हे सारे सांगण्यापेक्षा मुलांकडून करवून घेता येईल. गोळाफेकीचा लोखंडी गोळा आणि क्रिकेटचा चेंडू घ्यावा. मैदानावरच्या वाळूच्या हौद्यापाशी भक्कम टेबल ठेवून त्यावर एका मोठ्या मुलाला उभे करावे. दोन्ही हात समोर ताणून, तळवे खाली करून, एका हातात गोळा आणि दुसऱ्यात चेंडू त्याने मिनिटभर धरावा आणि मग एकदम सोडावा. बाकीच्यांनी दहा फूट लांब उभे राहावे. पाहणाऱ्यांनी एकमेकांशी न बोलता लगेच आपापल्या कागदावर लिहावे : कोणते आधी निघाले, कोणते आधी पडले, किती अंतर होते, सोडणारा कोण होता, तारीख, वेळ. एखाद्याच्या मोबाइल फोनवर संथ गतीचे चित्रण होत असेल तर तेही घ्यावे, पण कुणाला दाखवू नये. कागद गोळा करून पाकिटात बंद करावेत. महिनाभराने, पूर्वसूचना न देता, त्याच मुलांना तीच हकिगत पुन्हा लिहायला सांगावी. मग पाकीट उघडावे, प्रत्येकाचे दोन कागद शेजारी ठेवावेत, चित्रण लावावे, आणि मुलांनाच शोधू द्यावे की कोणते आकडे गळले, कोणते गोल झाले, कोणाचे नाव बदलले आणि पहिल्या कागदात नसलेले काय दुसऱ्यात नव्याने आले.